साडेतीन कॉर्ड

मराठी माणसाला साडेतीन हा आकडा नवा नाही. मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठं साडेतीन, पेशवाईतले शहाणेही साडेतीन. आमच्या सोसायटीनं त्यात आपली भर घातली आहे. चौथ्या मजल्यावरच्या चिरंजीवांना गिटारच्या साडेतीन कॉर्ड येतात. सी, ए मायनर आणि जी या तीन अख्ख्या, एफ अर्धी. सबब वॉचमनपासून चेअरमनपर्यंत सगळे त्याला 'साडेतीन' म्हणतात.

नाना फडणवीस शहाणे खरे, पण लढवय्ये नव्हते, म्हणून ते अर्धे मोजले गेले. एफच्या अर्धेपणाचं कारणही असंच लढाईतलं आहे. तिच्यासाठी तर्जनी पहिल्या फ्रेटवर सहाही तारांवर आडवी टाकावी लागते, दाराला अडसर घालतात तशी. शिवाय उरलेल्या तीन बोटांनी आपापली ठाणी धरायची. शिकाऊ माणसाची तर्जनी आजवर फक्त मोबाइलवर फिरलेली. तिनं जोर लावला की दोन तारा वाजतात, दोन खरखरतात आणि दोन मौन पाळतात. त्यावर सोप्या आवृत्तीवाल्यांनी तोडगा काढलाय: एफ चार तारांपुरतीच धरायची आणि बाकीच्या दोन घरात नाहीतच असं समजायचं. साडेतीनची एफ ती ही. तीसुद्धा त्याला पटकन सापडत नाही. बोटं गोळा करेपर्यंत गाणं जागच्या जागी थांबतं.

हा नमुना आमच्याच सोसायटीत आहे असं नाही. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, साधारण पहिल्या पावसाबरोबर, तो सर्वत्र उगवतो. ओळखायच्या खुणा सोप्या. डाव्या हाताची नखं मुळापासून कापलेली, उजव्या हाताची शिंदेशाही. कॅपो नावाचा चिमटा कायम बॅगेच्या पट्ट्याला अडकवलेला. वॉशिंग मशीनच्या जाळीत दर रविवारी एक प्लास्टिकचं तिकोनी पिक सापडतं. आणि डाव्या बोटांच्या टोकांना घट्टे. ते घट्टे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला हात लावून बघायला लावतो. एकदा आईपुढेही बोटं धरली. "तीस वर्षं पोळ्या लाटून मला पडलेत, ते कुणी बघितले नाहीत," एवढंच बोलून माउलीनं त्याच्या हातात कोथिंबीर निवडायला दिली.

वाजवायची ती फक्त प्रेमगीतं. हा नियम कुणी घातला कोण जाणे. 1988 साली 'कयामत से कयामत तक'मध्ये आमिर खाननं कॉलेजच्या निरोप समारंभात गिटार गळ्यात अडकवली, ते गाणं खरं तर मुलानं पुढे काय व्हावं या वडिलांच्या अपेक्षांबद्दल आहे. मुलांनी त्यातली गिटार तेवढी उचलली, अपेक्षा वडिलांकडेच राहिल्या.

"काका, सगळ्या लव्ह साँग्जमध्ये याच चार कॉर्ड असतात," साडेतीननं मला एकदा जिन्यात गाठून सांगितलं.

"मग हे गाणं कुठलं आणि ते कुठलं, कसं ओळखायचं?"

"शब्दांवरून!"

तालाचंही तेच. डाऊन-डाऊन-अप, अप-डाऊन-अप. या एका झाडूनं तो हिंदी चित्रपटसृष्टीची सत्तर वर्षं झाडतो. तळमजल्यावरचे आजोबा भजनी मंडळात तबला वाजवतात. एका संध्याकाळी ते काठी टेकत चार जिने चढून गेले. "बाळा, तू आत्ता वाजवलंस ते दादऱ्यातलं आहे. सहा मात्रांचं. तू त्याला आठ मात्रांच्या केरव्यात बसवतोयस. धाकट्याला थोरल्याची विजार घातल्यासारखं दिसतंय ते." साडेतीन नम्रपणे म्हणाला, "आजोबा, हे ईझी व्हर्जन आहे." आजोबा खाली आले आणि पुढचे दोन दिवस 'ईझी व्हर्जन' हा शब्द शिवीसारखा वापरत होते.

या सगळ्यामागे बी विंग होती, हे आम्हाला गणपतीत कळलं. बी विंगमधली ती गाणं शिकते. प्रवेशिका पूर्ण झालेली, मध्यमेची तयारी चालू. विविध गुणदर्शनात दोघांनी मिळून 'यादों की बारात'मधलं, ग्लासच्या किणकिणीनं सुरू होणारं आशाबाईंचं गाणं करायचं ठरलं. 1973 चं गाणं, म्हणजे दोघांच्या आईवडिलांच्याही आधीचं. मूळ ध्वनिमुद्रणात भूपिंदर सिंग यांनी वाजवलेली गिटार लोक आजही गुणगुणतात. सोप्या आवृत्तीत पहिली कात्री लागते ती त्याच गिटारला. उरतं ते डाऊन-डाऊन-अप.

तालमीच्या पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "तुझी पट्टी कुठली?"

"सी."

"म्हणजे पांढरी एक. मी काळी चारमध्ये गाते."

साडेतीननं मोबाइल काढला, हिशेब केला आणि कॅपो थेट आठव्या फ्रेटवर नेऊन लावला. एवढ्या वर चिमटा बसला की गिटारच्या गळ्यावर जेमतेम चार बोटं मावतील एवढी जागा उरते. आवाज तर असा निघतो की शेजारी शाहीर उभा करावा. गिटारचं तुणतुणं होतं. एखाद्या जाणकारानं सांगितलं असतं की बाबा, जीच्या घरातून वाजव, कॅपो पहिल्या फ्रेटवर लाव, एफचं संकटही आपोआप टळेल. पण त्यासाठी डी आणि ई मायनर अशा आणखी दोन कॉर्ड शिकाव्या लागल्या असत्या. नावच साडेतीन पडल्यावर माणसानं पाचावर जायचं कसं?

कार्यक्रमाच्या दिवशी मांडवात खुर्च्या कमी पडल्या. त्याच्या आईनं पहिल्या रांगेत बसून स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवला. काचेचा ग्लास मांडवात आणायला चेअरमननी मनाई केली होती. गाणं सुरू झालं. मुलगी सुरेल, तुणतुणं बरं. दुसऱ्या ओळीच्या शेवटी एफ आली. आम्ही ए विंगवाले खुर्चीच्या कडेवर सरकलो, कारण आता काय होणार हे आम्हाला तीन महिने पाठ होतं. साडेतीनची बोटं एकमेकांना शोधू लागली. गिटार थांबली.

मुलगी थांबली नाही. तिनं तो सूर तसाच धरून ठेवला, मग त्यावर एक नाजूक हरकत घेतली, आणि त्याची बोटं जागेवर बसलेली बघून अलगद पुढच्या ओळीवर उतरली. मांडवात टाळ्या. बी विंगला वाटलं, बसवलंच तसं आहे. तळमजल्याचे आजोबा 'वाहवा' म्हणाले आणि लगेच आपण असं म्हणालो याचा त्यांना राग आला.

खाली उतरताना ती त्याला म्हणाली, "तिथे तू थांबतोस ते बरं असतं. श्वास घ्यायला जागा मिळते."

सोसायटीच्या इतिहासात एवढं रोमँटिक वाक्य कुणी कुणाला म्हटलेलं नाही, असं साडेतीनचं मत पडलं. दिवाळीनंतर ती पुढच्या शिक्षणासाठी बंगळूरला गेली. गिटार चालूच राहिली. मधे एकदा लिफ्टमध्ये मी त्याला विचारलं, "काय रे, एफ जमली का पूर्ण?"

"जमत आली होती काका. पण सोडली प्रॅक्टिस."

"का?"

"ती जागा ठेवायची आहे," तो म्हणाला आणि लाजून दुसऱ्याच मजल्यावर उतरला.

आता रोज संध्याकाळी सात वाजता वरून तेच गाणं येतं. दुसऱ्या ओळीच्या शेवटी ते थांबतं. त्या वेळी आमच्या स्वयंपाकघरात हिचा झारा कढईवर अधांतरी असतो, समोरच्या काकूंची कुकरची शिट्टीसुद्धा थबकल्यासारखी वाटते. मग वरून एफ पडते, निम्मीशिम्मी, आणि झारा तेलात उतरतो.

परवा विविध भारतीवर मूळ गाणं लागलं. मी आवाज वाढवला. किणकिण झाली, भूपिंदरची ती गिटार झाली, आशाबाई सुरू झाल्या. दुसरी ओळ संपत आली तशी हिनं सवयीनं झारा वर धरला. आशाबाई थांबल्याच नाहीत. सरळ पुढे निघून गेल्या.

झारा तसाच हवेत ठेवून ही म्हणाली, "फार घाई करतात हो आशाताई."