इंजिन बघायला बसण्यापूर्वी : पेण-रोहेकर नवशिक्यांसाठी

सर्वप्रथम, घरी काही सांगू नये. पेणहून दिवा-रोहा मेमूत चढताना कोणी विचारलेच तर "रोह्याला काम आहे" एवढेच म्हणावे. "गाड्या बघायला" असे खरे उत्तर दिले की पुढचा प्रश्न ठरलेला: "त्याचे पैसे मिळतात का?" मिळत नाहीत. उलट रोह्याच्या फलाटावर बसायचे तर दहा रुपयांचे प्लॅटफॉर्म तिकीट काढावे लागते, आणि तेही दोनच तास चालते.

दुसरे, एकट्याने बघू नये. फलाटावर एकटेच बसावे, पण खिशातल्या फोनमध्ये रेल्वेवेड्यांचा एखादा ग्रुप असावा. हे वेड आजचे नाही. लंडनमध्ये इयान ॲलन नावाच्या रेल्वे कारकुनाने १९४२ मध्ये इंजिनांच्या नंबरांची पुस्तिका काढली आणि तिकडची पोरे वही-पेन्सिल घेऊन फलाटांवर जमू लागली. आपल्याकडच्या रेल्वेवेड्यांची आयआरएफसीए ही संगणकावरून जुळलेली मंडळी १९८९ पासूनची आहे. तेव्हा आपल्या घरात साधा फोन यायचा तरी नंबर लावून वर्षे काढावी लागत.

ग्रुपात शिरल्यावर तीन दिवस गप्प बसावे. हे आजवर कोणाला जमलेले नाही, म्हणून चौथ्या मिनिटाला फोटो टाकून "हे कोणतं इंजिन?" असे विचारावे. उत्तर येईल, "अंगावर लिहिलंय, वाचा." वाचावे. डब्ल्यूएपी-७ मधला डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, ए म्हणजे एसी विजेवर चालणारे, पी म्हणजे प्रवासी गाडीचे. डी दिसला तर डिझेल. डिझेलचा विषय मात्र नव्या माणसाने काढू नये. २०२२ मध्ये कोकण रेल्वेचे विद्युतीकरण पुरे झाले, तेव्हापासून जुनी मंडळी त्या बाबतीत हळवी आहेत. रात्री जेवण झाल्यावर डिझेल इंजिनाच्या धडधडीची रेकॉर्डिंगे ऐकणारी माणसे आहेत. त्यांच्या घरच्यांविषयी या मार्गदर्शिकेला आदर आहे.

आता पहिली चूक करावी. ती लवकर करावी आणि सगळ्यांच्या देखत करावी. सोपी चूक सुचवतो: एखादी एक्स्प्रेस रोह्याला रेंगाळली की ऐटीत लिहावे, "क्रॉसिंगला थांबलीय." रात्री अकरा वाजता देशभरातून माणसे जागी होतात. पनवेल-रोहा दुहेरी आहे, पुढे रोहा-वीर मार्गही २०२१ मध्ये दुहेरी झाला, समोरच्या गाडीसाठी खोळंबा होतो तो वीरच्या पलीकडे, एकेरी मार्गावर. कोणी नकाशा टाकतो, कोणी सिग्नलचे दिवे समजावतो. सर्वांत नेटके उत्तर देणारा दहावीत आहे हे नंतर कळते. तोवर आपण त्याला दोनदा "सर" म्हणून झालेले असते.

याच ओघात आपले गाव आपल्याला परगावचा माणूस सांगू लागतो. जमशेदपूरला बसलेला कोणी रोह्याच्या यार्डात लूप लाइनी किती, ते धडाधड लिहितो. मला स्वतःला रोहा म्हणजे गाडी बदलायचे, वडापाव खायचे ठिकाण वाटे. रूळ १९८६ मध्ये रोह्यापर्यंत आले आणि तिथेच थांबले, पुढे कोकण रेल्वेचा आरंभ इथूनच धरला गेला, २६ जानेवारी १९९८ ला अख्खा मार्ग खुला झाला, हे मला शेजाऱ्याने नव्हे, ग्रुपने शिकवले. पेणकरांना हे बघणे खरे तर जड जाऊ नये. गणपतीच्या डोळ्यांची आखणी पाहून हात कोणाचा हे ओळखणारी माणसे पेण-हमरापुरात कारखान्याकारखान्यांत बसलेली आहेत. इंजिनाच्या हॉर्नवरून त्याचा प्रकार ओळखणारा काही वेगळे करत नाही, फक्त त्याला नैवेद्य मिळत नाही.

पिवळी रेघ ओलांडू नये. रुळांवर उतरणे हा गुन्हा आहे, आणि रुळांतून काढलेला व्हिडिओ ग्रुपवर टाकलात तर पोलिसांच्या आधी ग्रुपवालेच हाकलतात. ट्रक पाठीवर घेऊन जाणारी रो-रो गाडी बघायला रोह्याला तासन्‌तास बसू नये. ती कोलाडहून भरते आणि दक्षिणेला जाते. (हे मी का सांगतो आहे, हे विचारू नये.)

गणपतीत मात्र दिवस पालटतात. मुंबईहून काकू निघालेल्या असतात, स्पेशल गाडी तीन तास उशिरा असते, काकूंचा फोन लागत नाही. पैशांचे विचारणारे सगळे घर आता तुमच्याकडे बघू लागते. ग्रुपवर विचारावे. दोन मिनिटांत उत्तर येते. मग चष्मा पुसत, शांतपणे सांगावे, "जित्याला उभी आहे. पुढे मालगाडी असणार. रिक्षा आत्ताच नको सांगू."

मालगाडीचे आपल्या मनाने घालू नये. दहावीतले सर वाचत असतात.