दहा टक्क्यांपर्यंत माफ

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीने वाङ्मयचौर्याचं दरपत्रकच ठरवून दिलं आहे. प्रबंधात १० टक्क्यांपर्यंत साम्य आढळलं, तर शिक्षा नाही. ४० टक्क्यांपर्यंत गेलं, तर सहा महिन्यांत सुधारून द्या. ६०पर्यंत गेलं, तर वर्षभर थांबा. त्यापुढे नोंदणी रद्द. सर्वज्ञात मजकूर सलग १४ शब्दांपर्यंत जुळला, तर तो मोजणीत धरायचा नाही.

विद्यार्थ्यांनी यातून नेमका बोध घेतला. 'हे पुस्तक वाचलंस का?' असं आता कुणी विचारत नाही. 'किती टक्के आले?' एवढंच विचारतात. टक्के जास्त आले, तर 'पाणीटंचाई'चं 'जलदुर्भिक्ष' करायचं, की संशोधन स्वतंत्र!

हल्ली तेवढेही कष्ट उरलेले नाहीत. चॅटजीपीटी अख्खं प्रकरण नव्या शब्दांत लिहून देतो, वर कधीकधी अस्तित्वातच नसलेल्या पुस्तकांचे संदर्भ पृष्ठक्रमांकासह जोडतो. साम्य शून्य. जे पुस्तक कुणी लिहिलंच नाही, त्यातून चोरी होणार तरी कशी?

उपाय म्हणून महाविद्यालयांत आता माहिती साक्षरता शिकवतात. सरांची स्लाइड कुठून आली, हे स्लाइडवर नसतं. परीक्षेत प्रश्न येतो : 'माहिती साक्षरतेची व्याख्या लिहा. गुण ५.' गाईडमधली व्याख्या शब्दशः उतरवली, तर पाचपैकी पाच. स्वतःच्या शब्दांत लिहिणाऱ्या आगाऊ पोराला दोन.