भीमाची पाठ, पोरांचं डोकं

केळझर म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी, असं नागपूर-वर्धा रस्त्यावरचं हे गाव पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलं आहे. बकासुरासाठीचं अन्न भीम खात बसला, राक्षस मागून पाठीत गुद्दे घालत राहिला, भीमानं मान वळवूनही पाहिलं नाही, ती गोष्ट इथली. मलाही ती आवडते. पण बॉक्सिंग शिकणाऱ्या पोराला कुणी ती आदर्श म्हणून सांगत असेल, तर त्याला थांबवा. पोरं भीमासारखं सोसायला जातात आणि त्यासाठी दुखणं दाबणारी गोळी खातात.

२ मे २०१५, लास वेगास. मेवेदरशी लढण्याआधी बॉक्सर मॅनी पॅकियाओनं दुखऱ्या उजव्या खांद्यासाठी केटोरोलॅक या वेदनाशामकाचं इंजेक्शन मागितलं. उत्तेजकविरोधी संस्थेची हरकत नव्हती. नेवाडाच्या क्रीडा आयोगानं मात्र ऐनवेळी नकार दिला, कारण दुखापत त्यांना आधी कळवलेलीच नव्हती. पॅकियाओ तसाच लढला, हरला आणि काही दिवसांत खांद्यावर शस्त्रक्रिया करून घेतली. एवढ्या पैशाच्या लढतीतही सुई अडवणारं कुणीतरी होतं. तेच केटोरोलॅक आपल्याकडे गोळी म्हणून मेडिकलमध्ये मिळतं. कायद्यानं डॉक्टरांची चिठ्ठी लागते. ती किती ठिकाणी मागितली जाते, हे आपण सगळे जाणतो.

जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे ‘वाडा’च्या, यादीत स्पर्धेच्या काळात मॉर्फिनला बंदी आहे, १ जानेवारी २०२४ पासून ट्रामाडोललाही. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल यादीत नाहीत. मग ती ‘चालतात’, असा अर्थ काढला जातो. गोळी खाऊन खेळाडू बाद होणार नाही, एवढंच ती यादी सांगते. वजनगटात बसण्यासाठी पोरगं दोन दिवस पाणी तोडतं, घाम काढतं. अशा सुकलेल्या शरीरात डायक्लोफेनॅक गेलं, तर मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, हे यादीत कुठून असणार? अ‍ॅस्पिरिनची एक गोळी रक्तातल्या बिंबाणूंना आठवडाभर नीट काम करू देत नाही. रक्त गोठायला वेळ लागतो आणि समोरचा तर डोक्यावरच मारणार असतो.

माझं खरं भांडण आहे ते डोकेदुखीच्या गोळीशी. हौशी बॉक्सिंगचा नियम असा, की डोक्याला मार लागून खेळाडू नॉकआउट झाला तर किमान ३० दिवस रिंग बंद. थोड्याच काळात दुसऱ्यांदा झाला तर त्याहून जास्त. नियम चांगला आहे, पण तो अधिकृत बाउटला लागतो. संध्याकाळच्या स्पारिंगमध्ये जबडा हलला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर ते कोण लिहून ठेवतं? तिथे मेंदूला धक्का बसल्याची पहिली खबर बहुतेकदा पोराच्या डोकेदुखीतूनच मिळते. ती गोळीनं गप्प केली, की दुसऱ्या दिवशी ते पुन्हा ग्लोव्हज चढवतं. आधीचा धक्का भरून यायच्या आत दुसरा बसला, तर तो कोवळ्या पोराच्या जिवावर बेतू शकतो.

पोरं दुखणं लपवतात, कारण लपवण्यात त्यांना फायदा दिसतो. बोर्डाच्या परीक्षेत खेळाचे वाढीव गुण आहेत, सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे. नागपूरची अल्फिया पठाण २०२१ मध्ये युवा जगज्जेती झाली, ते सगळ्या विदर्भानं पाहिलं. गरीब घरातल्या पोरीला ही वाट दिसली, तर ती मनगट सुजलंय म्हणून घरी बसेल का? तिला दोष देऊ नका. जाब विचारायचा तो गोळीची पट्टी किटबॅगेत बाळगणाऱ्या मोठ्या माणसांना.

वजनाच्या वेळी डॉक्टर नाडी आणि रक्तदाब बघतात. तेव्हाच ‘आठवडाभरात कुठली गोळी घेतली?’ हेही विचारा आणि उत्तर लिहून घ्या. जिल्हा स्पर्धेपासूनच. खरं सांगणाऱ्या पोरावर ओरडू नका, नाहीतर पुढच्या वेळी ते सांगणार नाही. सरांच्या बॅगेत बर्फ, कापूस, बँडेज हवं; गोळ्या नकोत. आणि सरावानंतर पोरगं डोकं दुखतंय म्हणालं, तर आधी डॉक्टरांना दाखवा. केळझरकरांना सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय काही लांब नाही. उलटी झाली, बोलणं अडखळलं किंवा झोपेतून उठेनासं झालं, तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच न्या.