कव्हर काढा!

एरवी सर गरीब माणूस. मागच्या बाकावर पोरं झोपली, तर पंखा वाढवून देणारा. पण परीक्षेत ज्युनिअर सुपरवायझरची ऑर्डर हातात पडली, की त्यांच्या अंगात येतं. ब्लॉकमध्ये पाऊल टाकताच आरोळी : "कव्हर काढा!"

कॅसिओ कॅल्क्युलेटरच्या सरकत्या कव्हरच्या आत पेन्सिलीनं लिहिलेले लाप्लासचे फॉर्म्युले तिरक्या उजेडातच दिसतात, हे ज्ञान त्यांना अनुभवानं आलंय. म्हणून एकेक कव्हर ते खिडकीपाशी नेतात आणि एक्स-रे बघणाऱ्या डॉक्टरसारखे न्याहाळतात.

नियम सोपा : साधा सायंटिफिक चालेल, प्रोग्रामेबल नाही, ग्राफवाला तर नाहीच नाही. ओळखायचा कसा, हे सरांना कुणी सांगितलेलं नाही. त्यांनी आपली कसोटी काढलीय : स्क्रीन मोठी, की तो ग्राफवाला. त्यामुळे एफएक्स-991 ईएस दरवेळी सुखरूप सुटतो. मॅट्रिक्स करतो, इंटिग्रेशनची किंमत काढतो, त्रिघाती समीकरणं सोडवतो. पण चित्र काढत नाही ना, मग चारित्र्य स्वच्छ! त्याचा धाकटा भाऊ ईएक्स क्यूआर कोड दाखवतो आणि तो स्कॅन केला की ग्राफ मोबाइलवर उमटतो. सरांनी कोड निरखून विचारलं, "हे पैसे जातात कुणाला?"

यंदा एकाजवळ मावशीनं अमेरिकेहून पाठवलेला टीआय-84 निघाला. "सर, तिकडे सॅट परीक्षेला चालतो हा!"

"सॅट तिकडे. इथे मॅथ्सचा एम-थ्री आहे." यंत्र टेबलावर जमा.

पण सर निर्दय नाहीत. पुणे विद्यापीठाच्या इंजिनिअरिंगच्या प्रश्नपत्रिकांवर वर्षानुवर्षं छापून आलेली सूचना त्यांना तोंडपाठ आहे : लॉग टेबल, स्लाइड रूल, मोलिअर चार्ट, पॉकेट कॅल्क्युलेटर आणि स्टीम टेबल वापरायला परवानगी. 1972 साली एचपी-35 आला आणि बघता बघता स्लाइड रूल जगातून उठला. सूचनेतून काही उठला नाही. एखादा पोरगा तो घेऊन येईल, अशी सरांना अजून आशा आहे. (आला, तर त्याचंही कव्हर काढायला लावतील.)

त्यांनी शिपायाला पिटाळून लायब्ररीतून पिवळं पडलेलं लॉग टेबल मागवलं आणि पोरासमोर ठेवलं. "घे. नियमात बसतं."

पोरानं दोन पानं उलटली. "सर, यात अँटिलॉग कुठे बघायचा?"

सरांचा चेहरा उजळला. बोट पानावर गेलंसुद्धा. मग एकदम मागे आलं.

"सांगितलं तर कॉपी केस होईल," ते पुटपुटले. "तुझ्यावर नाही रे, माझ्यावर."