मयेचे ‘परदेशी’ पाहुणे

डिचोली तालुक्यातल्या मये तलावावर फिरायला येणाऱ्यांचा ठाम समज आहे: अनोळखी बदक दिसलं की ते सायबेरियाचं. तपकिरी अंगाची, शीळ घालत उडणारी अडई बारमाही इथलीच. पण मोबाइल सरसावतात आणि तिला घरबसल्या परदेशी पासपोर्ट मिळतो. शेजारच्या पेडण्यात, मोप्याला, २०२३ पासून विमानं उतरू लागली. तेव्हापासून नुसतं स्थानिक असण्याला भाव तो काय राहिला?

मयेत २०१९ साली बंजी जंपिंग आलं. माणसं पैसे मोजून, पायाला दोर बांधून पाण्याच्या दिशेनं उडी घेतात आणि कोरडीच परततात. पाणकावळा विनादोर, विनातिकीट बुडी मारतो, वर मासा घेऊन येतो. त्याचा फोटो मात्र कुणी काढत नाही. काळा, फुकट, त्यात गोंयकार!