हात थरथरत नाही, यंत्र थरथरते

स्टुटगार्ट,
शनिवार, दुपार

तीर्थरूप दादा आणि तीर्थरूप सौ. आई यांस शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आईचा तो फोन आला तेव्हा येथे रात्रीचा दीड वाजला होता आणि देवासला पहाटेचे पाच. ज्या बाईने जन्मात कोणाला झोपेतून हाक मारून उठवले नाही ती इतक्या अवेळी फोन करते त्या अर्थी दादांचे काही बरेवाईट झाले असणार, अशा निश्चयाने मी तो उचलला, तो पलीकडून प्रश्न आला की बंड्याचा हात थरथरतो ही गोष्ट तू आमच्यापासून का लपवून ठेवलीस. मी सांगू लागलो ते आईने ऐकले नाही, दादांनी फोन घेतला त्यांना ऐकू आले नाही, त्यानंतर चार वेळा बोलणे होऊनही फरक पडला नाही, आणि आज तीन आठवड्यांनी महानारायण तेलाची बाटली, टेकरीवरच्या अंगाऱ्याची पुडी आणि दोन किलो लसूण शेव असे पार्सल दारात येऊन पडले. बाटली किंचित पाझरल्यामुळे शेवेला औषधी गुण आला आहे. तरीही निम्मी संपली. तेव्हा हा खुलासा लेखी सादर करतो. दादांनी तो कचेरीत असताना वाचीत तसा दोनदा वाचावा, समासात शेरा मारावा आणि मग आईला मोठ्याने वाचून दाखवावा.

बंड्याचा हात ठणठणीत आहे. थरथरते ते त्याच्या हातातले यंत्र. टीव्हीला जोडलेल्या खेळाच्या पेटीचा लगाम म्हणून जी वस्तू मुले दोन्ही हातांत धरून बसतात, तिला कंट्रोलर म्हणतात. खेळातली मोटार कठड्यावर आदळली की बहुतेक कंट्रोलरांच्या मुठींत बसवलेल्या दोन इवल्या मोटारी फिरू लागतात. त्यांच्या आसावरचे वजन मुद्दाम एका अंगाला जड ठेवलेले असते, त्यामुळे सबंध यंत्र हादरते आणि मुलाला अपघाताचे सुख मिळते. हे कौतुक बंड्याने 'आजी, माझा हात सारखा थरथरतो' अशा शब्दांत निवेदन केले आणि आजीने ते लक्षण म्हणून नोंदवले. पुढे तो म्हणाला की माझा माणूस आपोआप डावीकडे चालतो. हा माणूस म्हणजे खेळातला. परंतु आईने तो मी असे समजून मी पिऊ लागलो की काय याची सौ.कडे स्वतंत्र चौकशी केली, आणि सौ.ने 'अजून नाही' असे उत्तर दिले, हे मला काल कळले.

डावीकडे जाण्याची तक्रार मात्र खरी होती, आणि तिचा उलगडा दादांना माझ्याहून चांगला होईल. माडीवरचा जुना रेडिओ आठवावा: इंदूर आकाशवाणी लावून आवाजाची कळ फिरवली की तो खरखरत असे, आणि दादा मागचे फळकुट काढून, कापसाला स्पिरिट लावून आतली पट्टी पुसत. कार्बनच्या पट्टीवर धातूची जीभ घासत फिरते, पट्टी झिजते आणि कळ खोटे बोलू लागते. कंट्रोलरवर अंगठ्याखाली ज्या दोन लहान दांड्या असतात, त्या प्रत्येकीखाली अशाच दोन पट्ट्या बसवलेल्या असतात, एक आडव्या हालचालीची आणि एक उभ्या. त्या झिजल्या की मुलाने बोट उचलले तरी यंत्र डावीकडचाच हुकूम सोडीत राहते. मी दादांचा स्पिरिटाचा उपाय केला. दोन दिवस गुण आला, तिसऱ्या दिवशी माणूस उजवीकडे चालू लागला.

येथे लेखणी ठेवून जिना झाडून आलो. ह्या आठवड्यात पाळी आमची आहे. येथल्या प्रांतात तिला केअरवोख म्हणतात. म्हणजे केर काढण्याचा आठवडा, आणि हे शब्दसाम्य पाहून आपले पूर्वज येथूनच निघाले असावेत अशी माझी खात्री झाली आहे. ह्या वहिवाटीचे मूळ 1492 च्या नगरनियमात दाखवतात. ज्याची पाळी त्याच्या दाराला लाकडी पाटी टांगलेली असते, आठवडा भरला की ती पुढल्या दाराला जाते, आणि पाटी दारावर असताना पायऱ्या न झाडता फिरणाऱ्या माणसाकडे तळमजल्याच्या आजीबाई ज्या दृष्टीने पाहतात, ती दृष्टी मी आजवर फक्त माईआत्याकडे पाहिली होती. (माईआत्याच्या गुडघ्याचे ऑपरेशन सुखरूप झाले हे वाचून बरे वाटले, तिने तिसऱ्या दिवशीच नर्सबाईंना पोहे कसे भिजवावेत ते शिकवले, याचे मुळीच आश्चर्य वाटले नाही.)

कंट्रोलर पुरता बिघडला तो शनिवारी रात्री आठला, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या चिमीच्या मैत्रिणी खेळायला यायच्या होत्या. आता रविवार म्हणजे काय ते ऐकावे. 1919 च्या वायमार राज्यघटनेच्या 139व्या कलमाने रविवार हा विश्रांतीचा आणि आत्मिक उन्नतीचा दिवस म्हणून संरक्षिला गेला. पुढे राज्य गेले, युद्ध झाले, देश दुभंगला, तरी 1949 च्या नव्या घटनेने आपल्या 140व्या कलमात ते कलम जसेच्या तसे कायम केले. परिणामी रविवारी दुकान उघडे नाही, भिंतीत खिळा ठोकायचा नाही, रिकाम्या बाटल्या काचेच्या पेटीत टाकायच्या नाहीत, कारण त्या वाजतात. पेट्रोलपंप आणि मोठी रेल्वे स्थानके यांना सूट आहे. तेव्हा मी आत्मिक उन्नती बाजूस ठेवून स्थानकावर गेलो, आणि तेथे फुले, पाव, दूध व वर्तमानपत्रे एवढे सर्व मिळते परंतु कंट्रोलर मिळत नाही अशी रुजुवात करून परतलो. परतताना रस्ता इतका निःशब्द होता की माझ्याच चपलांचा आवाज मला बेकायदा वाटू लागला. देवासला त्याच घटकेला कोपऱ्यावर पोह्यांची कढई वाफेवर असेल, जिलेबीचा घाणा उतरत असेल, बाळूकाका कागदावरच्या पोह्यांत जिरावण कमी पडले म्हणून दुकानदाराशी भांडत असतील, आणि त्या कोलाहलात दादा वर्तमानपत्र वाचीत असतील, हे मनात आले, आणि मी तेथल्या बाकावर थोडा वेळ उगीच बसलो.

सोमवारी दुकानात गेलो. पंचाहत्तर युरो! नव्वदच्या दराने पावणेसात हजार रुपये होतात. बाळूकाकांनी स्कूटर सहा हजारांना दिली असे आई लिहिते. म्हणजे दोन चाके, घोडा, डिकी आणि तीस वर्षांची सेवा यांच्यापेक्षा अंगठ्याने हलवण्याचे प्लास्टिक साडेसातशे रुपयांनी महाग. (काकांनी स्कूटर विकली हे चूक केले. इतक्यात कोणी ती मोडीत घेईना म्हणून त्यांनी विकली असे दादा म्हणतील. पण तिच्यावर बसून आम्ही चौघे मांडूला गेलो होतो आणि धारच्या उतारावर ब्रेक लागला नव्हता, या इतिहासाची किंमत कोणी धरली?) मी विक्रेत्याला विचारले, 'तारेचा नाही का?' त्याने माझ्याकडे मोडी वाचणाऱ्याकडे पाहावे तसे पाहिले. तारेचा होता, स्वस्तही होता, परंतु मागल्या खेपेस नाना येथे आले असताना त्या तारेत पाय अडकून दिवाणखान्यात ज्या रीतीने आडवे झाले, ते स्मरून सौ.ने तारेला कायमची हरकत घेतली आहे.

मग निवड. तीन मोठे कारखानदार, तिघांच्या तीन तऱ्हा. निन्टेन्डोने 2002 साली रेडिओलहरींवर चालणारा बिनतारी कंट्रोलर काढला. सोनीने 2006 पासून ब्लूटूथ धरले. मायक्रोसॉफ्टच्या कंट्रोलरात अजून दोन पेन्सिल सेल घालतात, आणि मला त्यातला साधेपणा आवडतो, कारण सेल संपला की बदलता येतो, आतल्या बॅटरीने प्राण सोडला की मात्र सारेच संपते. बटणांचा प्रकार याहून गमतीचा आहे. निन्टेन्डोचे 'ए' उजवीकडे असते, मायक्रोसॉफ्टचे खाली. एका घरी शिकलेले मूल दुसऱ्या घरी गेले की होकाराच्या जागी नकार देऊन येते. सोनीच्या कंट्रोलरवर तर अक्षरेच नाहीत, वर्तुळ आणि फुली. जपानात वर्तुळ म्हणजे बरोबर आणि फुली म्हणजे चूक, युरोप-अमेरिकेत फुली म्हणजे मंजूर. 2020 च्या यंत्रापासून फुलीच सर्व जगात मंजूर ठरली. आई, तू तीस वर्षे लाल पेन्सिलीने फुल्या मारल्यास, तुझे मत जपानच्या बाजूने पडणार हे मी मुलांना सांगून ठेवले आहे.

अखेर मी त्या पंचाहत्तरांच्या वाटेला गेलो नाही. पंचेचाळीसमध्ये दुसऱ्या एका कारखान्याचा मिळाला, ज्याच्या दांडीखाली घासणारी पट्टीच नाही. एक लोहचुंबक फिरतो आणि त्याच्या क्षेत्रातला फरक दुरूनच मोजला जातो. एडविन हॉल नावाच्या शास्त्रज्ञाने हा गुणधर्म 1879 साली शोधला. स्पर्श नाही म्हणून झीज नाही. दादा, ही युक्ती आपल्या रेडिओत असती तर तुमचे स्पिरिट वाचले असते.

रविवार, संध्याकाळ

काल येथवर लिहिले आणि दिवाणखान्यात आरोळी झाली. ब्लूटूथच्या लहरी आणि खाद्यपदार्थ तापवण्याच्या मायक्रोवेव्ह भट्टीच्या लहरी एकाच पट्ट्यातल्या, सुमारे 2.4 गिगाहर्ट्‌झच्या, भट्टीतून थोडी गळती झाली आणि यंत्र जवळच असले तर हुकूम वाटेत अडखळतो. धारच्या कन्येने बाफले तापत ठेवले आणि देवासचे सैन्य ऐन रणांगणात गोठले. सौ.चे म्हणणे की बाफल्यांचा मान मोठा. ती माहेरचा विषय निघाला की आमच्या किल्ल्यात पेशवा जन्मला असे ऐकवते. मी तिला दर वेळी स्मरण देतो की 1775 मध्ये तेथे जन्मले ते दुसरे बाजीराव, ज्यांनी 1802 साली वसईला सही केली, तेव्हा आपल्या घरचा तह तरी धारच्या वळणावर नको.

कारण तह करावाच लागला. कंट्रोलर दोन, एक नवा आणि एक झिजलेला, आणि नवा दोघांनाही हवा. चिमीने शाळेत माहिती काढून आणली की ब्लूटूथ हे नाव दहाव्या शतकातल्या डेन्मार्कच्या हाराल्ड राजाचे, ज्याने डेन्मार्क आणि नॉर्वे एका छत्राखाली आणले. त्यावर मी त्यांना आपले गाव सांगितले. 1728 मध्ये तुकोजी आणि जिवाजी हे दोघे भाऊ आले, एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन गाद्या झाल्या, आजोबा सांगत त्याप्रमाणे रस्त्याच्या ह्या कडेला एक अंमल आणि त्या कडेला दुसरा, आणि हे 1948 पर्यंत चालले. मला वाटले, मुले हसतील. बंड्याने निमूटपणे उठून सोफ्याच्या मधोमध चिकटपट्टी लावली. चिमी थोरली पाती झाली, तो धाकटी.

शेवटी जिन्याची पाटी कामास आली. तसलीच एक पुठ्ठ्याची करून ती चिमीच्या पलंगाला टांगली. सात दिवस नवा कंट्रोलर तिच्याकडे, मग पाटी आणि कंट्रोलर दोन्ही बंड्याकडे. आज दोघेही गुण्यागोविंदाने खेळत आहेत. चिकटपट्टी मात्र रात्री मीच काढली. ती काढताना आईच्या पत्रातला तो एकच परिच्छेद आठवत होता, जो तिने शेवेचा भाव आणि नळाचे भांडण यांच्या मध्ये, कोणाच्या लक्षात येऊ नये अशा बेताने घातला आहे: बाळूकाका म्हणतात की अंगणात भिंत घालून टाकू, म्हणजे पुढल्या पिढीला त्रास नको.

दादा, वाटणीचे कागद व्हावेत, त्याला माझी हरकत नाही, लागेल तेथे सही करीन. भिंतीचे काम मात्र आम्ही मे महिन्यात येईपर्यंत तहकूब ठेवावे, आणि काकांना हे पत्र एवढ्या भागापुरते वाचून दाखवावे. मुलांनी ते अंगण अजून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावून पाहिलेले नाही. मागल्या वेळी पावसाळा होता.

माईआत्यास नमस्कार, नानांस नमस्कार, धारच्या मामींना सांगावे की त्यांनी ज्याची चौकशी केली तो मुलगा सुस्थळी आहे पण जर्मनीत नोकरी असलेले सगळेच सुस्थळी असतात असे नव्हे.

आपला,
बाळ

ता. क. तेल वाया गेले नाही. जिना झाडून माझीच पाठ धरली होती, ती रात्री चोळली. पाटी आताच शेजारच्या दाराला लावून आलो.