फिटरने विमानात कसे बसावे: ओळख पटवण्याविषयी सूचना

अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत संध्याकाळी साडेसहाला, हातपाय धुऊन झाल्यावर, मालकाच्या केबिनमधून हाक आली की समजावं, कोइमतूरला मशीन बंद पडलंय. रेल्वेने जायला एका दिवसाहून जास्त लागतो आणि पार्टी तेवढं थांबायला तयार नसते. मालक म्हणतात, "मिस्त्री, उद्या सकाळच्या विमानाने निघा." प्रस्तुत मार्गदर्शन त्या मिस्त्रींसाठी आहे. इंजिनीअर साहेबांनी वाचलं तरी हरकत नाही, पण त्यांना सगळं आधीच माहीत असतं.

सर्वप्रथम स्वतःचं नाव शोधून काढावं. हे वाटतं तितकं सोपं नाही. एमआयडीसीत माणसाला नावाची गरज पडत नाही. वीस-पंचवीस वर्षं लेथवर काढलेला माणूस बाळू मिस्त्री असतो, पलीकडचा नाना वेल्डर असतो, आणि मागच्या शेडमध्ये एक नुसतेच 'मामा' असतात, ज्यांचा भाचा कोण हे कुणीच विचारलेलं नाही. तिकीट काढतो अकाउंटवाला. तो तुम्हाला बाळू म्हणूनच ओळखतो आणि विमान कंपनीच्या फॉर्मवर आडनाव सक्तीचं असतं. तो विचार करतो आणि आडनावाच्या चौकटीत 'मिस्त्री' टाकतो. आधार कार्डावर मात्र बाळकृष्ण, मग वडिलांचं नाव, मग आडनाव अशी लांबलचक मालगाडी उभी आहे.

विमानतळाच्या दारावरचा जवान यापैकी फक्त दोन गोष्टी पाहतो: तिकिटावरचं नाव कार्डावरच्या नावाशी जुळतं का, आणि कार्डावरचा चेहरा समोरच्या चेहऱ्याशी जुळतो का. तुम्ही गुंड्याभाऊसारखे दिसता की साहेबासारखे, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. स्पेलिंगमधलं एखादं अक्षर इकडचं तिकडे झालं असेल तर विमान कंपनी फोनवर दुरुस्त करून देते. पण बाळू मिस्त्रीचा बाळकृष्ण अमुकतमुक करून द्या म्हटलं, तर तिच्या लेखी तुम्ही एका माणसाचं तिकीट दुसऱ्याला देऊ पाहताय, आणि ते चालत नाही. सबब, तिकीट काढायच्या आधी आधारचा फोटो अकाउंटवाल्याच्या व्हॉट्सअॅपवर पाठवावा आणि त्याने तो उघडून पाहिला याची त्याच्या टेबलाशी उभं राहून खात्री करावी.

ज्यांचं आधार दहावीच्या सर्टिफिकेटवरून निघालं, त्यांनी जास्त सावध राहावं. आपल्या बोर्डाला आडनाव आधी लिहायची सवय. त्यामुळे काही जणांचं आडनाव कायमचं पुढे आलंय आणि वडिलांचं नाव आडनावाच्या जागी जाऊन बसलंय. फॉर्मवर ते कार्डावर आहे तसंच उतरवावं. वडील कसे काय आडनाव झाले, याचा खुलासा पहाटे रांगेत करत बसू नये. सौभाग्यवतींना सोबत नेत असाल तर पॅन माहेरच्या नावाचं आणि आधार सासरच्या नावाचं असू शकतं. तिकीट ज्या नावाचं, तेच कार्ड पर्समध्ये. दुसरं घरी.

आता कागदपत्रं. आदल्या रात्री घरात जी पिशवी भरली जाते, तिच्यात रेशनकार्ड, वीजबिल, घरपट्टीची पावती, शाळा सोडल्याचा दाखला, मतदार यादीतल्या पानाची झेरॉक्स आणि, कुणी सांगावं, लागलीच तर म्हणून लग्नपत्रिकाही असते. यात कुणाचा दोष नाही. तहसीलदार कचेरीत ज्याने एकदा खिडकीवरून परत फिरून पाहिलंय, तो पुढच्या वेळी कपाट घेऊन जातो. पण विमानतळावर ही पिशवी उपयोगाची नाही. नागरी उड्डाण सुरक्षा ब्युरोने २०१७ च्या ऑक्टोबरात दहा ओळखपत्रांची यादी काढली. पासपोर्ट, मतदार ओळखपत्र, आधार, पॅन, ड्रायव्हिंग लायसन्स, नोकरीचं ओळखपत्र, विद्यार्थ्याचं ओळखपत्र, राष्ट्रीयीकृत बँकेचं फोटोवालं पासबुक, पेन्शन कार्ड आणि अपंगत्वाचं फोटोसहित ओळखपत्र. यातलं कुठलंही एक. एक म्हणजे एकच. पाच दाखवली म्हणून खिडकीची जागा मिळत नाही.

रेशनकार्ड यादीत नाही, हे वाचून ज्येष्ठांना धक्का बसेल. पिवळं असो, केशरी असो वा पांढरं, ज्याच्या जोरावर या महाराष्ट्रात गॅसपासून शाळाप्रवेशापर्यंत सगळं मिळवलं, ते इथे नुसतं पुस्तक. वीजबिलाने एवढंच सिद्ध होतं की बिल आलंय. पतपेढीचं पासबुक, त्यावर चेअरमनसाहेबांची सही असली तरी, राष्ट्रीयीकृत होत नाही. लोकलच्या पासासोबतचं रेल्वेचं फोटोकार्ड टीसीला चालतं, जवानाला नाही. आणि ठेकेदाराने दिलेला गेटपास, ज्याच्यावर कंपनीचं नाव वेगळं, ठेकेदाराचं वेगळं आणि फोटो स्टेपलरच्या पिनेखाली गेलेला, तो नोकरीचं ओळखपत्र म्हणून पुढे करण्याचं धाडस करू नये. तो आपल्याच गेटवर दर सोमवारी अडतो.

झेरॉक्सचंही तेच. अंबरनाथ स्टेशनबाहेर आधार रंगीत छापून, प्लॅस्टिकचं चकचकीत कार्ड करून मिळतं. बाजारात छापलेली अशी कार्डं सुरक्षेच्या खुणा नसल्यामुळे ग्राह्य नाहीत, असं आधारवाल्या प्राधिकरणाने २०२२ च्या जानेवारीत जाहीर केलंय. मोबाइल चालतो, पण त्यात एमआधार किंवा डिजिलॉकर उघडून दाखवावं लागतं. गॅलरीत 'गुड मॉर्निंग'च्या गुलाबांमध्ये सापडलेला आधारचा फोटो म्हणजे नुसता फोटो. आणि डिजिलॉकरचा ओटीपी ज्या नंबरवर येतो तो नंबर अजून आपल्याच खिशात आहे ना, हे आदल्या दिवशी तपासावं. पोराला दिलेल्या जुन्या सिमवर ओटीपी गेला, तर पोरगं पहाटे चारला फोन उचलत नाही.

दहापैकी एकही नसेल, किंवा सगळी पावसात गेली असतील, तरी वाट बंद नाही. केंद्र किंवा राज्य सरकारच्या गट अ राजपत्रित अधिकाऱ्याने लेटरहेडवर, तुमचा फोटो लावून, हा अमुक माणूस असं लिहून दिलं तर चालतं. रात्री साडेसातला असा अधिकारी कुठे मिळतो ते आमच्या माहितीत नाही. मिळाल्यास लेटरहेड त्याच्या घरी नसतं.

चेहऱ्याबद्दल मात्र निर्धास्त राहा. पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, टेंभली गावात दिलं गेलं. तेव्हापासून आजवर आधारवरच्या फोटोत कुणी बरा दिसल्याचं ऐकिवात नाही. जवानांना याची सवय आहे. खरी धास्ती फिटरला बोटांची असते. ज्याने वर्षानुवर्षं कास्टिंगच्या धारा हाताने घासल्या, कूलंटमध्ये पंजे बुडवले, त्याच्या अंगठ्यावरच्या रेषा गुळगुळीत झालेल्या असतात. रेशन दुकानातलं मशीन तीन-तीनदा 'पुन्हा ठेवा' म्हणतं, मागची रांग कुरकुरते, शेवटी दुकानदार दुसऱ्या हाताचं बोट मागतो. विमानात बसायला अंगठा लागत नाही. कार्डावरचा चेहरा पुरतो. डिजियात्रा घेतली तर कॅमेरा चेहरा ओळखून फाटक उघडतो. मुंबई विमानतळावर ती २०२३ पासून आहे. हेल्मेट आणि मास्क काढावं, एवढंच.

जवळ काय बाळगावं, याविषयी दोन शब्द. व्हर्निअर शर्टाच्या खिशात, अॅलन की पँटच्या खिशात आणि पान्यांची पिशवी काखेत अशा रोजच्या थाटात जाऊ नये. हत्यारं चेक-इनच्या बॅगेत टाकावीत आणि खिसे घरीच उलटे करून झटकावेत. फिटरच्या खिशात एक नट कायम असतोच, आणि मेटल डिटेक्टरला तो नट कुठल्या साइजचा हे विचारायचं नसतं. पॉवर बँक मात्र उलट: ती हातातल्या बॅगेतच, खाली देऊ नये. कोइमतूरच्या पार्टीसाठी आईने दिलेलं सुकं खोबरं चेक-इनच्या बॅगेत चालत नाही, ते पेट घेणाऱ्या मालात धरतात. खोबऱ्याबद्दल घरी वाद घालू नये, चिवडा न्यावा.

तिकिटावर 'मुंबई' एवढं वाचून निघू नये. टर्मिनल एक सांताक्रूझला, दोन सहारला, आणि २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचं विमानतळही सुरू झालंय. दिवसाचं विमान असेल तर लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने मरोळ नाका, आणि तिथे गाडी बदलून मेट्रो तीनने टर्मिनल. पहाटेच्या विमानाला मेट्रो सुरूच झालेली नसते, म्हणून रात्रीची लोकल धरायची आणि ओळखपत्र हातात घट्ट धरून जागं राहायचं. चेक-इनचं काउंटर विमान सुटायच्या तासभर आधी बंद होतं. 'बदलापूर गाडी लेट होती' हे कारण मध्य रेल्वेच्या हद्दीबाहेर कुणी मानत नाही.

मशीन चालू झालं, पार्टीने चहा पाजला, परत आलात, की बोर्डिंग पासचा तुकडा फेकू नये. तो मोबाइलमध्ये असेल तर प्रिंट काढावी, कारण अकाउंटला मोबाइल चालत नाही. सोबत रिक्षाची पावती जोडा असं सांगतील. रिक्षावाला पावती देत नाही, हे त्यांनाही माहीत असतं.